सगळे डावे पाय

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. माझा दादा उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता आणि मी तिथेच शिलाईला. अंबरनाथहून आम्ही सोबत जायचो. त्याच्या हाताचा मला भारी अभिमान होता. कधी बोलून दाखवला नाही, कारण स्वारी आधीच शेफारलेली.

कापडाचे चाळीस थर सुलट अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून एक पाय आखायचा, मग फर्मा पालथा करून दुसरा. शिकाऊ माणूसही हे विसरत नाही. दादा विसरला. कापायचं मशीन फिरवून मोकळा झाला आणि टेबलावर सगळे डावे पाय! शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "मास्टरजी, अब राइट वाला कहाँ से लाऊँ?" दादा हसला. पण नेमकं चुकलं कुठे, तेच त्याला कळत नव्हतं. फर्मा हातात धरून तो नुसता बघत राहिला.

मला वाटलं, दारू. पण तोंडाला वास नाही, झोकांड्या नाहीत. मग समजायचं तरी काय? वहिनी म्हणाली नजर लागलीय, म्हणून मीठमोहऱ्याही ओवाळून झाल्या. एकच गोष्ट तो दिवसातून चारदा सांगायचा आणि मी टोकलं की माझ्यावरच चिडायचा. कधी कधी मलाच शंका यायची, की खरंच पहिल्यांदा सांगतोय का हा?

शेवटी त्याच्या पिशवीत केटामाइनच्या छोट्या बाटल्या सापडल्या. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचं औषध ते. दवाखान्यात काम करणारा एक मित्र आणून द्यायचा, तेही चार वर्षांपासून!

"आधी गंमत म्हणून घेतलं," दादा म्हणाला. "अंगातून बाहेर पडल्यासारखं वाटतं गं."

माझं डोकंच फिरलं. सगळ्या बाटल्या मोरीत फोडल्या. मग कुणाच्या पायात जायला नको म्हणून रडत रडत काचा वेचल्या.

डॉक्टरांना विचारलं, याच्या मेंदूला झालंय तरी काय? ते म्हणाले, "नवी आठवण पक्की होण्याचं काम हे औषध अडवतं. वर्षानुवर्षं घेतलं की लक्ष आणि स्मरण दोन्ही ढासळतात. सोडलं तर सुधारेल. किती, ते मलाही सांगता येणार नाही." मला निम्मं कळलं, निम्मं नाही. माझा दादा मला परत मिळणार की नाही, एवढंच मला हवं होतं आणि तेवढंच त्यांना माहीत नव्हतं.

त्याने सोडलं. सहज नाही, पण सोडलं. काही महिन्यांत मशीनवर पुन्हा हात बसला, फर्मा न सांगता पालथा व्हायला लागला. मी निर्धास्त झाले.

मग एका रविवारी त्याची तीन वर्षांची लेक मागे लागली, "बाबा, माझ्या बारशाचं सांगा ना." दादा माझ्याकडे बघायला लागला. त्या नजरेत काही म्हणजे काही नव्हतं. मीच सांगायला घेतलं. पाळण्याला फुलं कमी पडली म्हणून बाबा सायकल मारत बाजारात गेले, मी तुझ्या कानात नाव सांगितलं तेव्हा पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात होती, आणि पेढे वाटताना ते इतके रडले की सगळे त्यांनाच हसले.

लेकीपेक्षा तोच मन लावून ऐकत होता.

"चांगला होता गं तो माणूस," दादा म्हणाला.