काकांनी तोच सल्ला दोनदा वाचला

"थ्री वन टू, टर्न राइट टेन डिग्रीज," थोरातकाका हेडसेटमध्ये म्हणाले. म्हणजे तीनशे बारा नंबरच्या विमानानं दहा अंश उजवीकडे वळावं.

त्या विमानाची पायलट मी होते, पलीकडच्या खोलीत बसलेली. माझ्या कागदावर लिहिलं होतं : उजवीकडे ढग, वळायचं नाही. मी उत्तर दिलं, "अनेबल, ड्यू टु वेदर." जमणार नाही, हवामान खराब आहे.

मग काकांनी तीच सूचना पुन्हा दिली. शब्दाला शब्द.

ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. बाहेर टोमॅटो मार्केटच्या गाड्यांचे हॉर्न चालू होते. खिडकीला गोधडी लावूनही आवाज आत यायचाच. मी पुन्हा म्हटलं, "अनेबल." तोवर उशीर झाला होता. काकांनी घाईनं वाटेत येणाऱ्या दुसऱ्या विमानाला खाली यायला सांगितलं, पण स्क्रीनवरचे दोन्ही ठिपके लाल झाले. दोन विमानांत जे किमान अंतर राखायचं असतं, ते मोडलं होतं.

विमानं खोटी होती. आमचा सिम्युलेटर नारायणगावात, एका कापडाच्या दुकानाच्या वर. पण मी त्या खोलीत गेले तेव्हा काकांच्या कपाळावर घाम होता, तो खरा होता.

आमचं काम असं. एअर ट्रॅफिक कंट्रोलर एका वेळी कितीतरी विमानं डोक्यात धरून बसतो. कोणतं कुठं चाललंय, कोण कुणाच्या वाटेत येणार, हे त्याला आधी ओळखावं लागतं. आमचं सॉफ्टवेअर ती धडक आधी हेरतं आणि हिरव्या अक्षरांत सल्ला देतं : याला वळवा, त्याला खाली आणा. निर्णय मात्र माणसाचाच. सल्ला माणसाला नीट वापरता येतो का, हे तपासणं माझी नोकरी.

कंपनी नीलेशभाऊंची. खालचं दुकान त्यांच्या वडिलांचं. आणि थोरातकाका म्हणजे आयुष्यभर कंट्रोलर म्हणून काम करून आपल्या गावी, कळंबला परतलेला माणूस. आमचे सल्लागार. त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या रनमध्ये, म्हणजे चाचणीच्या फेऱ्यांत, सॉफ्टवेअरचा सल्ला बरोबर आला होता. क्लायंटसमोरचा डेमो पुढच्या आठवड्यात होता.

काकांनी हेडसेट काढून टेबलावर ठेवला. "रुबिना, ही रन काढून टाक. माझं लक्ष नव्हतं."

नीलेशभाऊ लगेच म्हणाले, "बरोबर आहे. ढगांची माहिती सॉफ्टवेअरला दिलीच नव्हती. तो सीनच चुकीचा होता. रिपोर्टमध्ये नको."

"भाऊ, खऱ्या आकाशातसुद्धा सॉफ्टवेअरला सगळे ढग कळणार नाहीत," मी म्हटलं. "म्हणून तर मी मुद्दाम तो सीन घातला."

"मग काकांचं नाव खराब करायचं का?"

काका माझ्याकडे न बघता जिना उतरून गेले. मी जुन्नरला घरी गेले, पण जेवण गेलं नाही. ज्या माणसानं मला हे काम शिकवलं, त्याचीच चूक मी कागदावर मांडणार होते.

सकाळी ऑफिसला पोचले तर काका दारात उभे. कळंबहून पहिल्याच जीपनं आले होते. नीलेशभाऊ कुलूप उघडत होते.

"पोरी, ती रन ठेव," काका म्हणाले. "रातभर तेच डोक्यात व्हतं. तुझं 'अनेबल' मला पहिल्यांदाच ऐकू आलं व्हतं. अगदी स्पष्ट. पण स्क्रीनवर बघतो तर हिरवं तसंच. मला वाटलं, मशीन आजवर एकदाबी चुकलं न्हाई, मंग पोरगीच चुकली आसंल."

नीलेशभाऊंचा हात कुलपावरच थांबला.

"काका, क्लायंट हसतील हो."

"हसू द्या. उद्या माझ्या खुर्चीत बसणाऱ्याच्या हातात खरी माणसं आसतील."

नीलेशभाऊंनी फोन करून डेमो पंधरा दिवस पुढे ढकलून घेतला. आम्ही दोन बदल केले. एक, सल्ला आपणहून दिसणार नाही. आधी फक्त दोन विमानांभोवती गोल येईल, आणि हातात किती वेळ आहे ते. कंट्रोलरनं मागितला तरच सल्ला. दोन, पायलट नाही म्हणाला की एक बटण दाबायचं. तो सल्ला पुसला जाईल आणि दुसरे मार्ग येतील. पहिला बदल काकांचा हट्ट. "आधी माणसाला इचार करू द्या," म्हणाले.

डेमोला क्लायंटचे एक मोठे अधिकारी आले. सोबत नोकरीतली एक तरुण कंट्रोलर होती. मी काकांची रन सगळ्यात आधी दाखवली. अधिकारी म्हणाले, "रिटायर्ड माणूस आहे. सवय सुटली असेल."

काका शांतपणे म्हणाले, "मग या बाईंना बसवा. जुन्याच सॉफ्टवेअरवर."

बसवलं. ढग कुठं आणि कधी येणार हे आम्ही बदललं होतं. आधीचे सगळे सल्ले बरोबर आले. मग मी म्हटलं, "अनेबल." तिनंही तोच सल्ला पुन्हा वाचला. आणि वाचता वाचताच ओठावर हात ठेवला.

दुपारी नवीन सॉफ्टवेअर, पुन्हा वेगळा सीन. या वेळी "अनेबल" ऐकताच तिनं बटण दाबलं आणि दुसऱ्या विमानाला खाली आणलं. ठिपके एकमेकांजवळून गेले, लाल झाले नाहीत. हेडसेट काढून ती काकांना म्हणाली, "सर, सकाळी मला वाटलं होतं, माझ्याकडून असं होणारच नाही." काका म्हणाले, "मलाबी तसंच वाटलं व्हतं."

एवढ्यावर काही आमचं सॉफ्टवेअर विमानतळाच्या टॉवरमध्ये बसणार नाही. पण ट्रेनिंग सेंटरमध्ये मोठी चाचणी घ्यायला मंजुरी मिळाली आणि ती आता चालू आहे. तिथल्या शिकाऊ कंट्रोलरना काकांची रन पहिल्या दिवशी दाखवतात. त्यावर काकांचं नाव आहे. ते त्यांनीच घालायला लावलं.

मी यातून एवढंच शिकले. चाचणीला आपल्याकडचा सगळ्यात तयार माणूस बसवावा. नवखा चुकला की सगळे म्हणतात, त्याला अजून शिकवा. तयार माणूस चुकला, तरच कुणीतरी मशीनकडे बघतं.