ग्लेनिसचा नापास वाडगा

ग्लेनिस टलॉकनं ह्यूऑनव्हिलमध्ये तीस वर्षं गाडी चालवण्याची परीक्षा घेतली आणि तेवढ्या काळात जवळजवळ अख्ख्या गावाला एकदा तरी नापास करून दाखवलं. चाक फुटपाथच्या कडेला नुसतं टेकलं, की ती शांतपणे पेनाला टोपण लावायची. "नियम म्हणजे नियम. पुढच्या महिन्यात या." एवढी लोकसेवा करूनही निवृत्तीनंतर कुणी साधं चहाला बोलावत नाही, याचं तिला फार नवल वाटे.

नवरा गेल्यावर घरात बोलायला फक्त रेडिओ उरला, आणि तोही सदानकदा पावसाचंच सांगायचा. म्हणून ती हातानं मातीची भांडी करायच्या नवशिक्यांच्या वर्गात दाखल झाली. शिकवणारी किरिली, हिच्या हातून तीनदा नापास झालेली. समोर हार्डवेअरवाला ट्रेव्हर, तो दोनदा. पहिल्या दिवशी ग्लेनिसच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. लोक आपल्याला ऐसपैस बसू देतात, अशी तिनं मनाची समजूत घातली.

मातीच्या वळ्या करायच्या, एकावर एक रचायच्या, सांधे बोटानं बुजवायचे, इतकंच काम. बाकीच्यांचे वाडगे जरा कलंडलेले, पण पातळ. ग्लेनिसचा मात्र भलताच जाडजूड.

"धरण बांधतेस का गं?" ट्रेव्हरनं विचारलं.

"मजबूत आहे."

"दिसतंय ना. नदीला पूर आला तर आम्ही सगळे याच्यामागेच लपू."

मग एके दिवशी ट्रेव्हरनं जाहीर केलं, "भांडी भाजून झाली की रविवारी माझ्याकडे बार्बेक्यू. सगळ्यांनी आपापल्या वाडग्यात सॅलड आणायचं." सगळ्यांनी म्हणताना त्याची नजर ग्लेनिसवरूनही फिरली. नुसती फिरली हो, पण तिला तेवढं पुरलं. तिनं त्याच संध्याकाळी सॅलडसाठी बटाटे आणून ठेवले.

भट्टी भरायच्या दिवशी किरिली एकेक वाडगा गालाला लावून बघत होती. गार लागला, तर आत ओल आहे. ओला वाडगा भट्टीत फुटतो आणि जाताना शेजारपाजारच्यांनाही घेऊन जातो. ग्लेनिसचा वाडगा गालाला लावला आणि ती थबकली. बदला घ्यायची अशी आयती संधी पुन्हा आली नसती, पण बाईला नेमकी तेव्हाच कीव आली.

"चालेल," ती पुटपुटली. "कोपऱ्यात ठेवते."

ट्रेव्हरनं आपला वाडगा भट्टीतून हळूच बाहेर काढला.

ग्लेनिसला गप्प राहायचं होतं. वाडगा नाही तर रविवार नाही, असा तिचा साधा हिशोब. तिनं वाडगा मागून घेतला आणि स्वतःच्या गालाला लावला. गारेगार. तिला रडूच आलं.

"नापास," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात या."

वाडगा टेबलावर ठेवून ती पर्स उचलून निघाली.

"ए, कुठे चाललीस?" ट्रेव्हर ओरडला. "रविवारच्या सॅलडचं काय?"

"कशात आणू?"

"आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात. अख्खा देश त्यातच आणतो."

रविवारी ट्रेव्हरच्या घरासमोर दोन गाड्यांच्या मध्ये एकच जागा होती, मुद्दाम सोडलेली. फुटपाथवर सगळा वर्ग हाताची घडी घालून ओळीनं उभा. किरिलीच्या हातात पेन. ग्लेनिसनं गाडी मागे घेतली, चाक वळवलं, आणि मागचं चाक अलगद फुटपाथच्या कडेला टेकलं.

किरिलीनं शांतपणे पेनाला टोपण लावलं.

"नापास!" सगळे एका सुरात ओरडले. "पुढच्या महिन्यात या!"

ग्लेनिसनं काच खाली केली. मांडीवरचा डबा तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"पुढच्या महिन्यात?" तिनं विचारलं. "नक्की ना?"

"नक्की," ट्रेव्हर म्हणाला. "आता उतर लवकर, सॅलड तापतंय."