बिनभोकाची बोट

भोकाचा एवढा तिटकारा असलेला माणूस माझ्या मामांखेरीज उभ्या मराठवाड्यात सापडणार नाही. नांदेडला त्यांनी जन्मभर फायबरच्या टाक्या आणि कूलरच्या बॉड्या केल्या, पण ड्रिल मशीन दिसलं की अजूनही त्यांचं डोकं तापतं. त्यांच्या घरात भिंतीला एक खिळा नाही. कॅलेंडर, आरसा, घड्याळ, सगळं चिकटवलेलं. कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत असताना मी एकदा घड्याळाचा सेल बदलायला गेलो, तर घड्याळाबरोबर ताटाएवढं प्लास्टर हातात आलं. मामा उलट माझ्यावरच भडकले, "भिंत कच्ची हाय, माझा जोड न्हाई!" मुलीचे कान टोचायच्या दिवशी तर "चांगल्या मालाला भोक पाडून राहिले" म्हणत ते घरातून निघून गेले, ते जेवायलाच परतले.

अशा माणसाला गावात बोलावलं, ही चूक माझीच. अहमदपूर तालुक्यात धरणाच्या पाण्यापलीकडे मी शिकवतो ती शाळा आहे, आणि घरातला पहिला पदवीधर असलो तरी मला पोहता येत नाही. ग्रामपंचायतीने यंदा फायबरची बोट घेतली. तिच्यात लाइफ जॅकेटं अडकवायला खुंट्या हव्या होत्या. ग्रामसेवक ड्रिल घेऊन आलेच होते. मी म्हटलं, थांबा, मामांना बोलावतो.

मामांनी बोटीची आतली बाजू पॉलिश पेपरने खरवडली, थिनरने पुसली, खुंट्या बसवलेले लाकडी ठोकळे चिकटवले आणि त्यांच्या कडांवर रेझिनमध्ये भिजवलेली काचेच्या धाग्यांची मॅट थापली. "उद्या ह्या टायमापर्यंत कुणी हात लावायचा न्हाई," असं बजावून ते चहाला गेले. परत येतात तो सरपंचबाईंनी नव्या बोटीची पूजा मांडलेली. आणि मला आजही संताप येतो, सगळी बोट मोकळी असताना कुणीतरी पाच नारळांची पिशवी नेमकी ओल्या खुंटीलाच अडकवलेली! आमच्या डोळ्यांदेखत ठोकळा घसरत खाली आला.

ग्रामसेवक हसले. "मामा, तुमच्या गोंदाला नारळ पेलंनात. आणा ते ड्रिल."

मामा बोटीत चढले आणि मांडी घालून बसले. "भाकर तव्यावर टाकली की लगेच खाता का तुम्ही? आधी मला भोक पाडा, मग बोटीला!"

मी शरमेने अर्धा झालो. "मामा, उतरा. मला ह्या लोकांत राहायचंय."

"तुला ह्या बोटीत बसायचंय, ते बघ."

शेवटी सरपंचबाईच म्हणाल्या, "द्या हो एक दिवस. पूजा उद्या करू." मामांनी ठोकळा पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी तीच खुंटी दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून ओढली. काठावरची बोट हातभर सरकली, खुंटी हलली नाही. ग्रामसेवकांनी ड्रिल गुपचूप डिकीत ठेवलं.

आता मामांना रेझिनच्या वासाने धाप लागते. डॉक्टरांनी काम बंद करायला लावलंय. दर सोमवारी सकाळी त्यांचा फोन येतो, "बोट कोरडी हाय का?" मी 'हाव' म्हटलं की ठेवून देतात. माझी खुशाली विचारत नाहीत, याचा मला रागही यायचा. गेल्या सोमवारी फोन आला नाही. नावाडी खोळंबला होता, तरी मी काठावरूनच लावला. "मामा, बोट कोरडी हाय."

पलीकडून आधी धापच ऐकू आली. मग म्हणाले, "जॅकेट घाल रे."