मुहूर्ताच्या पेटीवरचा हात

आजा दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणीला. बाप त्याच बागेत झाडावरून पडून मेला. आई त्याच मालकाकडे पेट्या भरायला. आंब्याच्या चिकाने तिच्या बोटांची सालं निघायची. त्यातून मी बी.कॉम. झाले, घरातली पहिली. त्याच मालकाच्या रत्नागिरीच्या गोदामात बिलं करायला लागले. टेबल-खुर्चीवर. आई वस्तीभर सांगत सुटली.

हंगामाची पहिली, मुहूर्ताची पेटी भरताना गोदामातल्या प्रत्येकाने तिच्यात एकेक आंबा ठेवायचा, अशी रीत. मी माझा ठेवला. माझ्या हातांवर सोरायसिस. लाल चट्टे, वर पांढरे पापुद्रे. एक पापुद्रा पेटीतल्या पेंढ्यावर पडला.

मालकाने लाथेने पेटी उडवली.

"महारोगी हात घालतेस मुहूर्ताला? रक्तातच घाण तुम्हा लोकांच्या! शिकून जात धुतली जाते काय?"

मग फिनेलची बाटली घेतली आणि माझ्या हातांवर ओतली. भेगाळलेल्या कातडीवर. मी किंचाळले. बाया मान खाली घालून आंबे भरत राहिल्या. त्यांत माझी आई.

घरी येऊन न्हाणीतल्या जांभ्याच्या खरखरीत दगडाने हात घासत सुटले. रक्त आलं तरी थांबले नाही. मला ती कातडी नको होती. आतली मीही नको होते.

आईने दगड हिसकावला. "सोताचा जीव घेतेस काय गो?"

"तू का गप्प बसलीस?" मी तिच्या अंगावर धावून गेले. तिने पदर फाडून माझ्या हातांना गुंडाळला.

सकाळी तीच मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मलमं आजवर सगळ्यांनी दिली होती. इथल्या डॉक्टरबाईंनी हातमोजे न घालता माझा हात धरला आणि विचारलं, "झोप लागते? मरावंसं वाटतं?"

"वाटतं," मी म्हटलं. आई शेजारीच बसलेली.

"हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण तो मन खातो. त्याचंही औषध करायचं."

त्यांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. आधी नुसती रडायचे. मग मालकाला शिव्या द्यायला लागले. तेव्हा कळलं, तो दगड मी चुकीच्या माणसावर चालवला होता.

मालकाने आईबरोबर निरोप धाडला : "पोरीला म्हणावं, मागच्या खोलीत बसून बिलं कर. कुणाला दिसू नको म्हणजे झालं."

"जाशील?" आईने विचारलं.

"पोलीस ठाण्यात जाते."

आमची चूल त्या गोदामावर पेटायची. आईने पदर खोचला. "चल."

हवालदार म्हणाला, "ताई, समजुतीने घ्या की."

मी दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवले. "लाथ, फिनेल, जात. तिन्ही लिहा."

"लिवा सायेब," आई म्हणाली. "मी बगितलंय. तवा गप ऱ्हायले. आता नाय."

अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. आईचं काम गेलं. मालकाची माणसं कधी समेट मागायला येतात, कधी धमकी द्यायला. चट्टे आहेत, थंडीत चिरतात. औषध चालू आहे. झोप लागते. गुन्हा मी मागे घेणार नाही. कोर्टात उभी राहीन तेव्हा हात झाकणार नाही. याच हाताचं बोट त्याच्याकडे दाखवीन.