मंडपाशिवाय कागद नाही

आबा कुणाला कागद टेबलावरून देत नसत. मंडपातच देत. साधं शिफारसपत्र का असेना, आधी सतरंज्या, मग लाऊडस्पीकर, मग आबांचे दोन शब्द, जे पाऊण तासाच्या आत कधी आटोपले नाहीत, आणि शेवटी टाळ्यांच्या गजरात तो कागद घेणाऱ्याच्या हातात. फोटो काढणारा धुळ्याहून येई. त्याची एस.टी. चुकली तर दिलेला कागद परत घेऊन, तो आल्यावर पुन्हा दिला जाई. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आबा आमच्या भागातल्या उद्योगवाढ समितीचे अध्यक्ष आणि मी तिचा पगारी चिटणीस. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, त्यामुळे आबा मला नावाने हाक मारत नसत, ‘बी.कॉम.’ म्हणत. राज्य तेव्हा नवं होतं. आमचा कापूस गाठी होऊन रेल्वेने जायचा आणि धोतरं होऊन परत यायचा. खान्देश मागास आहे हे सर्वांनाच मान्य होतं. आबांना ते जरा जास्तच मनापासून मान्य होतं, कारण त्यांची खुर्ची त्या मागासलेपणावरच उभी होती.

स्वतः या गृहस्थांनी कधी पानाचा ठेलाही चालवला नव्हता. वडिलांची पिठाची गिरणी होती. ती आबांच्या हाती आली आणि तिसऱ्या वर्षी बंद पडली. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की “लहान धंद्यात आपलं मन रमत नाही.” मग मन रमायला त्यांनी अख्ख्या जिल्ह्याचा उद्योग घेतला. कुणी जागेचं विचारो, विजेचं विचारो, पाण्याचं विचारो, खांद्यावर हात ठेवून आबांचं उत्तर एकच: “बठ्ठं हुई जाई. मी शे ना.” सगळं होईल, मी आहे ना. माणूस इतका निश्चिंत होऊन घरी जाई, की काम झालं नाही हे त्याला सहा महिन्यांनी कळे.

पैसे मात्र त्यांनी खाल्ले नाहीत. समितीच्या खर्चाने चहासुद्धा प्यायले नाहीत. माझी आई आजारी पडली तेव्हा ओळखीच्या आमदाराची जीप रस्त्यात थांबवून त्यांनीच तिला धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचवलं. म्हणून त्यांच्यावर लिहिताना हात जरा अडखळतो. तरीही लिहितो. पैसे खाणारा माणूस निदान कागद तरी लवकर देतो, असं मी तेव्हा म्हणायचो आणि आजही म्हणतो.

त्या वर्षी पाचोऱ्याचे सुगनचंदशेठ आमच्याकडे आले. मारवाडी माणूस, बोलणं मोजकं. नरडाण्याला स्टेशनजवळ त्यांना सरकीची तेलगिरणी टाकायची होती. जागा घेतली होती, यंत्रं ठरवली होती, फक्त विजेची लाइन हवी होती आणि तिला समितीची शिफारस लागायची. माझा थोरला भाऊ रामदास इंजिनं दुरुस्त करायचा. मी शिकावं म्हणून तो सातवीत शाळेतून उठला होता. शेठनी त्याचं काम बघितलं आणि सांगून टाकलं, “रामदास, गिरणीची मशीन तुझ्या हाती.” ते जमलं नाही तर त्याला सुरतेच्या मिलमध्ये जावं लागणार होतं. गावातले निम्मे तरणे आधीच तिकडे गेले होते.

शिफारसपत्र मी एका दिवसात तयार केलं. आबांनी सही केली, कागद डोळे भरून पाहिला आणि म्हणाले, “ठेव कपाटात. मंत्री येणार आहेत. त्यांच्या हस्ते देऊ.”

“आबा, शेठ बाहेर बसले आहेत. आताच देऊन टाकू.”

“बी.कॉम., कागद पोस्टमनही देतो. मान कोण देणार?”

शेठ तीनदा आले. तिसऱ्या खेपेला म्हणाले, “आबासाहेब, दसऱ्याला घाणा फिरला नाही तर माझा हंगाम गेला. सरकी कुणासाठी थांबत नाही.”

“अहो शेठ, मंत्र्यांच्या हातून घ्या. पोरंबाळं उद्या फोटो बघतील.”

“पोरंबाळं फोटोला तेल लावून खातील का?”

आबा मनमुराद हसले. शेठ हसले नाहीत. मंत्र्यांचा दौरा एकदा पुढे गेला, पुन्हा पुढे गेला. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. कागद काढून शेठना द्यायला दोन मिनिटं लागली असती. मी दिला नाही. अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कागद हलवायचा नाही, हे मी नोकरी लागल्या दिवशी शिकलो होतो आणि शिकलेल्या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

दसऱ्याआधीच शेठ शिरपूरवरून घाट चढून सेंधव्याला गेले. मध्य प्रदेशात. तिथे एका कारकुनाने जांभई देत कागद पुढे सरकवला म्हणे. घाणा दसऱ्याला फिरला. मशीनवर तिथलाच माणूस लागला.

मंत्री दिवाळीनंतर आले. मंडप पडला, आणि कागद घ्यायला कुणीच नाही. मी आबांच्या कानात सांगितलं, “शेठ गेले, आबा. गिरणी होणार नाही.” आबांनी क्षणभर विचार केला आणि माइकवरून पुकारलं, “शेठजींच्या वतीने, नियोजित गिरणीचे नियोजित मिस्त्री, श्रीयुत रामदास.” भाऊ मागे खांबाला टेकून उभा होता. गावासमोर नाही कसं म्हणणार? आला, कागद घेतला, फोटो निघाला. टाळ्या भरपूर पडल्या.

आठ दिवसांनी मी त्याला नरडाणा स्टेशनवर सोडायला गेलो. हातात पत्र्याची पेटी आणि वहिनीने बांधून दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. आबा कुण्या पाहुण्याला घ्यायला फलाटावर आले होते, गळ्यात उपरणं, हातात हार.

“कुठं निघाला रे, रामदास?”

“सुरतले, आबा.”

“का?”

खरोखर विचारलं त्यांनी. चेहऱ्यावर निव्वळ कुतूहल.

“पोट भराले,” भाऊ म्हणाला.

आबांचे डोळे भरून आले. त्यांचं रडणं कधी खोटं नसे, हाच तर त्रास होता. भावाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “सुरतेत एखाद्या मोठ्या कारखानदाराशी ओळख झाली तर मला कळव. आपण त्याला इकडे बोलावू. मंडपाचं माझ्याकडे लागलं.”

“कळाडसू, आबा,” म्हणत भाऊ वाकून त्यांच्या पाया पडला आणि डब्यात चढला. मी पाया पडलो नाही. आबांच्या ते लक्षातही आलं नाही. गाडी सुटली होती, आणि ते हार उंच धरून तिला हात करत होते.