क्लबातलं गाणं, पूर्ण

चार बॅन्डवाले एका जागी बसले की वाद्यं पेटीत आणि किस्से बाहेर! लग्नसराई संपते, किस्से काही संपत नाहीत. आमच्या मलकापूरच्या बॅन्डचे तर ढीग झालेत. मी झांजा वाजवायचो आणि देवराव मास्तर क्लॅरिनेट. मास्तर म्हणजे भलता हट्टी माणूस!

*

त्या वर्षी सराईतलं पहिलंच लग्न धामणगाव बढ्याच्या एका शेठजींच्या मुलाचं होतं. नवरदेवानं नागपूरला एक खुनाचा पिक्चर पाहिला होता. शेठजी म्हणाले, "त्यातलं क्लबातलं गानं वरातीत वाजलं पाहिजे. पूर्न! अर्धंमुर्धं चालनार नाही. जमत नसन तं खामगावचा बॅन्ड सांगतो."

पहिलं लग्न खामगावनं नेलं असतं तर सगळी सराईच तिकडे गेली असती.

"वाजते ना, शेठजी!" मास्तर म्हणाले. गाणं आमच्यापैकी कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं!

*

त्याची रेकॉर्ड गावात मिळेना, पण पिक्चर टॉकीजला लागला. मास्तरांनी वाटण्या केल्या. चाल त्यांनी स्वतः उचलायची, मधले तुकडे ट्रम्पेटवाल्या सुदामनं, ठेका ढोलवाल्या गणपतनं.

गाणं येतं अगदी शेवटी. ते संपलं रे संपलं की मास्तर कानात कापसाचे बोळे कोंबून उठले. दुसरा सूर आत शिरायला नको! त्यांच्यामागं आम्ही. गेटकीपर हळहळला, "अबे, आता तं पोलीस येते, खुनी सापडते!"

घरी जाऊन चाल क्लॅरिनेटवर बसली तेव्हा कुठे बोळे निघाले. मी गेटकीपरचं म्हणणं सांगितलं आणि विचारलं, "मास्तर, खुनी कोन हाय ते तरी पाहू द्या ना!"

"तो गाते काय बे? नाही ना? मंग?"

*

दुसऱ्या खेपेला सुदाम रिकाम्या हातानं परतला.

"तुकडे कुठं हायेत बे?"

"मास्तर, ती बाई नाचून राह्यली होती ना..."

पुढच्या खेळाला मास्तरांनी त्याला खांबामागं बसवलं. तुकडे एकदम बरोबर आले!

*

खरी अडचण तालमीत आली. गाणं ऐन रंगात असताना गोळी सुटते, गाणारा पडतो आणि गाणं तिथंच संपतं.

मी म्हटलं, "गोळी गाळू ना, मास्तर. लग्न हाय."

"काऊन? शेठजी पूर्न बोलले. पूर्न म्हनजे पूर्न!"

गोळीसाठी ढोल ठरला. पडायला माणूस हवा होता. क्लॅरिनेट फुटेल, ट्रम्पेट चेपेल, म्हणून मी. पडून पडून माझी कोपरं सोलली, तरी मास्तरांचं समाधान होईना. "अजून जित्ताच दिसून राह्यला बे!"

*

वरात मारुतीच्या देवळापाशी आली. मास्तरांनी खूण केली. काय वाजवलं आम्ही त्या दिवशी! नवरदेव घोड्यावरच डोलायला लागला. मग गणपतनं ढोलावर धाडकन टोला हाणला आणि मी झांजांसकट रस्त्यात आडवा झालो.

वाद्यं बंद. नाचणारे जागच्या जागी थांबले.

शेठजी तरातरा पुढे आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "गानं काऊन थांबवलं? पूर्न ठरलं होतं ना?"

मास्तरांनी टोपी सरळ केली.

"पूर्नच झालं, शेठजी. याच्यापुढं पोलीस येते!"