मुखेडकर सरांचा लेप

मुखेडकर सर बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे कधी पाहत नसत, कातडीकडे पाहत. नांदेडहून लातूरच्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला मी नवीनच आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझं कपाळ निरखलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही ऊन लई खाऊन राहिल्या. कोरफड लावा, नाहीतर चाळिशीत सुकलेला आवळा होसाल." नमस्कार वगैरे त्यानंतर.

सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. भूकंपानंतर काही वर्षांतच लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. चौकाचौकांत मास्तरांचे चेहरे फलकांवर झळकायचे, एकेका दाताला स्वतंत्र खोली भाड्याने देता येईल एवढे मोठे. आमच्या क्लासचे मालक वयाने सरांच्या मुलासारखे. एकदा ते सर्वांदेखत म्हणाले, "सर, फलकावर तुमच्या जागी जरा फ्रेश चेहरा टाकू का? पालक घाबरतात." त्याच आठवड्यापासून सर चेहऱ्याला लेप लावायला लागले, तेव्हा आम्ही सगळे काय समजायचं ते समजलो. स्टाफरूममध्ये त्यांना 'नवरदेव' हे नाव पडलं.

सर मात्र गंभीर होते. ज्येष्ठमध, मंजिष्ठा, डाळिंबाची साल असं एकेक स्पिरिटात भिजवायचं, गाळायचं आणि मग कोरफडीच्या गरात एकमेकांशी जुळवून पाहायचं. हाताला लावून बघितल्याशिवाय तोंडाला नाही. "एकटं झाड गोड बोलतं, मॅडम," ते सांगायचे. "चार झाडं एका वाटीत घातली की त्यांचा खरा स्वभाव कळतो. आपल्या स्टाफरूमसारखंच."

डाळिंबाचा अर्क फाटतोय म्हणून एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. वहिनींनी चहा दिला आणि वर तक्रार, "मिक्सर ह्यांनी नासवला. चटणीला मंजिष्ठेचा वास येतो. तुम्हीच सांगा काहीतरी." तेवढ्यात सर आतून आले. ओसरीवर बसलेली त्यांची म्हातारी आई झटक्यात उठली, डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, भांडण असेल. वहिनी हळूच म्हणाल्या, "त्यांना वाटतं, माझे सासरेच आले."

सरांचं गाव किल्लारीकडचं. भूकंपात घर बसलं, म्हातारीला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं, पण तेव्हापासून तिचं डोकं मागच्या काळात जाऊन बसलं. त्या दिवसांत सरही एकाएकी म्हातारे झाले. केस पिकले, गाल बसले आणि चेहरा हुबेहूब वारलेल्या वडिलांसारखा दिसू लागला. आई त्यांच्यासमोर बसेना, जेवेना. भिंतीकडे तोंड करून फक्त विचारायची, "आवं, आपला गोविंदा शाळेतून आला न्हाई अजून?" मुखेडकरांचं नाव गोविंद. ते म्हणायचे, "येईल आता."

डाळिंब का फाटतंय, ते मी निमूटपणे पाहिलं. 'नवरदेव' हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडून निघाला नाही.

पण चार झाडांनी सरांचं समाधान होईना. सुरकुत्यांवर बावचीचं बी चांगलं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि त्याचा अर्कही लेपात ओतला. कच्ची बावची लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, हे ते स्वतः वर्गात शिकवायचे. "थोडीशीच घातली," म्हणाले. शिवाय एवढ्या मिश्रणात ती एकटी काय करणार, हा युक्तिवाद. लेप उजव्या गालाला लावला, डावा तुलनेसाठी कोरा ठेवला आणि भर दुपारी लुनावरून औसा रोडला गेले. ज्या झाडाने लातूरच्या उन्हाशी हातमिळवणी केली, त्याच्यापुढे बाकीच्यांचं काय चालणार? दुसऱ्या दिवशी अर्धा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला. डोळा सुजून बंद, गालावर फोड. डॉक्टरांनी मलम दिलं आणि पाण्याचा थेंबही लावू नका, असं बजावलं. मालकांनी त्या आठवड्यात नवा फलक छापून घेतला, अर्थातच सरांशिवाय.

मी संध्याकाळी बघायला गेले तेव्हा सर ओसरीवर बसले होते. बोलताना ओठ दुखत होता, तरी मला म्हणाले, "मॅडम, डावा गाल बघा. काही न लावता किती सुंदर दिसून राहिला!"

आमच्या हसण्याने म्हातारी बाहेर आली. वहिनी तिला आत न्यायला उठल्या, कारण आता ती पदर ओढणार. तिने ओढला नाही. सरळ सरांसमोर येऊन बसली, त्यांची हनुवटी धरून तो सुजलेला गाल उजेडाकडे वळवला.

"आरं माझ्या लेकरा! कुठं पडलास रं? चिंचेवर चढला व्हतास ना?"

सरांनी मान डोलावली.

"रडू नगंस, गोविंदा. ऊठ, तोंड धू आधी. तुझा बाप यायच्या आत धू, न्हाई तर अजून मार खाशील."

"हाव माय," सर म्हणाले. ते उठले, रांजणापाशी गेले आणि चांगलं खळखळून तोंड धुऊन आले.